दिवसातून शून्य वेळा

कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. शांभवी हिस,

माझ्याकडून जय जिनेंद्र, तुमच्या घरच्या रीतीनं शरणार्थी, आणि वयानं मिळालेल्या हक्कानं आशीर्वाद. तिन्हींतलं जे घ्यावंसं वाटेल ते घे, बाकीचं राहू दे.

तुझं पाकीट मला जूनमध्येच मिळालं. पोस्टाला बोल लावू नकोस, त्यांनी चौथ्या दिवशी हातात आणून दिलं. उशीर माझा आहे. आधी म्हटलं पर्युषण होऊ दे, मग म्हटलं दिवाळी होऊ दे. आता दिवाळीही झाली आणि माझ्याकडची निमित्तं संपली.

मी बरा आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. कारखाना सुरू झालाय, त्यामुळे बावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि मळीचा तो वास. तू वरच्या खोलीत राहत होतीस तेव्हा नाकाला ओढणी बांधून प्राकृताची रूपं पाठ करायचीस, आठवतं? अक्का तुला हसायची. ती गेल्यापासून शालूबाई येते स्वयंपाकाला. हात चांगला आहे तिचा, पण दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हटलं की कपाळाला आठ्या घालते. सम्मेद पुण्याला ये म्हणून मागे लागलाय. मुलगा आहे, म्हणणारच. मी काही हलत नाही. सव्वीस कपाटं पुस्तकं घेऊन चौथ्या मजल्यावर कुठं जाऊ?

पुढं काय लिहायचंय ते मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच आधी भांडून घेतो. भांडण मला सोपं जातं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

तुमच्या समाजशास्त्रानं आमच्या जिल्ह्यात येऊन धर्माची जी मोजदाद केली, तिच्याबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. हे पत्र माफीचं वाटायला लागलं तरी हा परिच्छेद विसरू नकोस. प्रश्न बारावा: ‘आपण दिवसातून किती वेळा प्रार्थना करता?’ अगं, जैन बाईला हे विचारायचं म्हणजे काय? आमचा देव देत नाही, घेत नाही, कोपत नाही, पावत नाही. त्याच्याकडं मागायचं काय, कपाळ? आमच्या बायका दर्शनाला जातात, जाप करतात, स्वाध्याय करतात, सामायिकाला बसतात. सकाळी दोन घटका, संध्याकाळी दोन घटका. म्हणजे एका वेळी अठ्ठेचाळीस मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही, सगळ्या जिवांविषयी मन एकसारखं ठेवायचं. प्रार्थना? प्रार्थना शाळेत असते, हजेरीच्या आधी. मग बायकांनी काय सांगितलं? ‘न्हाय बा.’ आणि तुमच्या लोकांनी लिहिलं, शून्य. दहा दहा दिवस उपास काढणाऱ्या बाया, आणि तक्त्यात सगळ्यांत तळाला! धार्मिकता पाचपैकी एक पूर्णांक एक!

हुपरीच्या चांदीच्या कारागिराला विचारलं, कामाच्या ठिकाणी धर्म पाळता का? तो बिचारा म्हणाला, ‘तसं काय न्हाय, चतुर्दशीला भट्टी बंद असती की आमची.’ खूण कशावर केली? सुट्टी. कबनूरला तर तुझ्या स्वतःच्या रुद्राणी आज्जीला विचारलं, देवळात किती वेळा जाता? ती म्हणाली, ‘कशाला जाऊ? देव गळ्यात हाय की माझ्या.’ लिहिलं, कधीच नाही. जी बाई गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही ती तुमच्या हिशेबी नास्तिक!

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे अक्का. पुण्यात बसून ध्वनिमुद्रणं उतरवून घेणाऱ्या कुणा शहाण्यानं ऐकलं, ‘मी बसतो की रोज सामायिकाला.’ झालं. उत्तर देणारा क-११४, पुरुष. कोल्हापूरची बाई ‘मी बसतो, मी जातो’ असंच म्हणते हे त्याच्या गावीही नाही. माझ्या बायकोचा त्यांनी बाप्या करून टाकला. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, ‘बरं झालं की. आता माझी च्या तुमी करा.’

धर्माचा अभ्यास करायचा तर आधी त्याचे शब्द शिकावे लागतात, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू एकोणीस वर्षांची होतीस. दोन वेण्या, हातात डबा, आणि अर्धमागधी शिकायला कबनूरहून आलेली लिंगायताची पोर. मला किती आनंद झाला होता ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. चार वर्षं तू आमच्या घरात राहिलीस, जेवलीस, अक्काच्या हाताखाली पोथ्यांच्या नकला केल्यास. आणि मग एक दिवस म्हणालीस, काका, मी समाजशास्त्राला जाते. मला वाटलं, हातात आलेली पोर त्या तक्तेवाल्यांनी पळवली. राग तुमच्या शास्त्राचा नंतर आला. आधी आला तो तू सोडून गेलीस याचा. हेही मी आत्ताच लिहितोय.

त्या परिसंवादात मी जे बोललो ते तुला पाठ असेल. तुझ्या कामाचा खर्च उचलणाऱ्या ट्रस्टचं सभागृह, २०२२ चा डिसेंबर, तू पहिल्यांदाच आपलं काम मांडत होतीस, नवी पिवळी साडी. मी समोर पहिल्या रांगेत. प्रश्न विचारायला म्हणून उठलो आणि वीस मिनिटं बसलो नाही. ‘एक ते पाच गुण द्यायला धर्म म्हणजे काय चौथीची परीक्षा आहे?’ असं म्हणालो. लोक हसले. रुद्राणी आज्जीचं उदाहरण दिलं, लोक आणखी हसले. टाळ्यांचा नाद वाईट, बाई. सत्तरी ओलांडली तरी सुटत नाही.

तू शांतपणे म्हणालीस, ‘काका, तो प्रश्न बदला म्हणून मी तीन वेळा लिहिलं होतं, वरून आलेली प्रश्नावली होती. पण पोथीत काय आहे ते तुम्ही सांगताय. घरात काय आहे, ते तुम्ही अक्कांना कधी विचारलंय का?’

मी म्हणालो, ‘माझ्या घरात काय आहे ते मला समाजशास्त्राकडून शिकायची गरज नाही.’

इथं थांबतो. शालूबाई ताट वाढून खोळंबली आहे.

मंगळवार

काल वाटलं होतं जेवून पुढं लिहीन. लिहिलं नाही. आज सकाळी दोन पानं लिहिली, ती वाचली आणि फाडली, कारण ती तुझ्या संशोधनपद्धतीवर होती.

तर पाकिटाबद्दल. त्यात तुझी तीन ओळींची चिठ्ठी होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘अक्कांनी आपले शब्द परत घेतले होते, ते मी मोडणार नाही. त्यांच्या पश्चात तुम्ही लेखी कळवलंत तरच ही पानं माझ्या पुस्तकात जातील, नाहीतर काढून टाकेन. अक्का माझ्यावर का रागावल्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.’

पहिल्या दोन ओळी कामाच्या आहेत. त्यांना उत्तर देता आलं असतं, जूनमध्येच. तिसऱ्या ओळीनं पाच महिने घेतले.

शांभवी, अक्का तुझ्यावर कधीच रागावली नव्हती. एक दिवसही नाही. ती तक्रार मी लिहिली होती.

हे असं एका ओळीत लिहून मोकळं होता येत नाही, म्हणून सगळं सांगतो. परिसंवादानंतर मी ट्रस्टचे चिटणीस विजयसिंह यांच्याकडं गेलो. म्हटलं, हे काम थांबवा, समाजाची बदनामी आहे. ते भले गृहस्थ. म्हणाले, ‘सर, तुमचं मत सगळ्यांनी ऐकलं. पण दोन अभ्यासकांच्या भांडणात आम्ही कशाला पडू? ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यापैकी कुणाची तक्रार आली तर गोष्ट वेगळी.’ त्यांनी सहज म्हटलं असेल. मी ते घेऊन घरी आलो.

दुपारी बसून मी एक पान लिहिलं. माझं मराठी तुला माहीत आहे, असल्या कामाला उत्तम. ‘माझ्या उत्तरांचा विपर्यास करून माझ्या धर्मभावनेचा अपमान करण्यात आला आहे. मी दिलेली सर्व माहिती परत घेत असून माझा एकही शब्द कोठेही वापरू नये.’ खाली जागा सोडली: सौ. अक्काताई जयपाल कोगनोळे.

अक्का मेथी निवडत बसली होती. तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. सावकाश, दोनदा. मग माझ्याकडं बघून विचारलं, ‘हे मी म्हटलंय व्हय?’

मी म्हटलं, ‘तुझ्या वतीनं लिहिलंय.’

‘पोरीला तरास हुईल की.’

‘काही होत नाही. कागदी काम आहे. सही कर.’

तिनं लगेच केली नाही. म्हणाली, ‘लेकरासारखी ऱ्हायली हो आपल्यात. उष्टी-खरकटी काढली तिनं तुमच्या आजारपणात.’ मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, ‘तुला यातलं कळत नाही.’ मग तिनं सही केली. पेन माझ्याकडं देताना म्हणाली, ‘तुमास्नी जे पायजे ते करा,’ आणि उरलेली मेथी निवडायला लागली.

त्या संध्याकाळी ती सामायिकाला बसली ती अठ्ठेचाळीस मिनिटांनी उठली नाही. मी पेपर वाचत बसलो होतो, एक डोळा घड्याळावर. तास झाला, दीड तास झाला. मला आपलं कौतुकच वाटलं, बघा काय एकाग्रता आहे आमच्या हिची!

जानेवारीत तुझं काम बंद झालं. करार संपवला, ट्रस्टनं दिलेली खोली सोडावी लागली, हे सगळं मला विजयसिंहांकडून कळलं. आणि मग फेब्रुवारीत तू फोन केलास. घरात मोबाइल एकच, माझा. अक्का म्हणायची, ‘मला बी एक साधा घ्या की,’ आणि मी म्हणायचो, घरात एक आहे ना! तू विचारलंस, ‘काका, अक्कांशी एक मिनिट बोलता येईल का?’ आवाज कसा होता तुझा ते मला अजून ऐकू येतं. मी म्हणालो, ‘अक्काला तुझ्याशी बोलायचं नाही.’

ती मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती. आत आली, म्हणाली, ‘कुणाचा फोन हुता?’

‘बँकेचा,’ मी म्हटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सम्मेदलासुद्धा नाही. प्राध्यापकी केलेल्या माणसाला आपण खोटं बोललो असं म्हणायची सवय नसते, आम्ही त्याला मतभेद म्हणतो.

तिच्या आजारपणाचंही ऐक. गेल्या वर्षी मे महिन्यात तिला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘शांभवीला लावा की फोन.’ मी म्हटलं, ती आता धारवाडला असते, कामात असेल. दोन दिवसांनी परत तेच. मी म्हटलं, लावतो. लावला नाही. लावला असता तर तू आली असतीस, आणि आली असतीस तर तुम्ही दोघी बोलला असता, आणि मग सगळं बाहेर आलं असतं. या भीतीपायी मी एका मरणाऱ्या बाईला तिची माणसं भेटू दिली नाहीत. त्यानंतर तिनं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. तुझा दोन ओळींचा निरोप आला मोबाइलवर. मी उत्तर दिलं, ‘आभारी आहे.’

आणि यंदा पर्युषणानंतर तुला माझं ‘उत्तम क्षमा’चं कार्ड आलं असेल. गुळगुळीत कागद, वर कमळ, खाली ‘कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास’ वगैरे. ते फाडून टाक. मी दरवर्षी तीनशे छापून घेतो आणि शालूबाईची मुलगी पत्ते घालते. त्यातलं एक तुला आलं. नकळत म्हणे!

आता त्या पानांबद्दल लिहितो. तुझ्या चिठ्ठीमागं अकरा पानं टाचलेली होती. वर लिहिलं होतं, प्रश्न सदतिसावा, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ खाली बारीक अक्षरांत टीप, हा प्रश्न मूळ प्रश्नावलीत नव्हता, मुलाखत घेणारीनं स्वतः जोडला. म्हणजे तू. छत्तीस प्रश्नांना अक्कानं हो-नाही-न्हाय बा करत दहा मिनिटांत उडवून लावलं होतं, आणि या एका प्रश्नावर पाऊण तास बोलली.

पाऊण तास! माझ्याशी ती एका दमात पाऊण तास कधी बोलली असेल तर मला आठवत नाही. बोलायची नाही असं नव्हे. मी ऐकायला बसलो नाही.

पहिली चार पानं मी जूनमध्ये वाचली आणि पाकीट कपाटात ठेवलं. त्यात तिनं तुला सामायिक कसं सुरू झालं ते सांगितलंय. तुला ते माहीतच आहे, पण मला ते माझ्या हातानं लिहू दे. माझ्या प्रबंधाच्या वेळची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिला बालवाडीत नोकरी लागत होती, मी म्हटलं, मग माझ्या पोथीच्या नकला कोण करणार? नोकरी राहिली. ती नकला करत बसायची, अकराशे कार्डं तिच्या अक्षरात आहेत, अजून माझ्या कपाटात आहेत. आणि करता करता तिला पोथीची लिपी माझ्याइतकीच वाचता यायला लागली. हे मी कुणाला सांगितलं नाही कारण ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिच्या शब्दांत: ‘एक जागी ह्येंनी च वाचलाता. मी म्हटलं, अवो, हितं च न्हाय, व हाय, शेपूट बगा की त्येचं. तर म्हटले, तू आमटी बघ, करपत्या. आमटी काय करपत न्हवती. मग पुस्तक छापून आलं तवा बगितलं मी, व-च हुता.’

खरं आहे. त्या एका अक्षरानं सबंध गाथेचा अर्थ फिरतो. माझ्या प्रबंधातला सगळ्यांत नावाजलेला भाग तोच आहे. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘असामान्य पाठनिर्णय.’ दोन सत्कार झाले माझे त्या अक्षरावर. मला प्रामाणिकपणे वाटत होतं की तो व मला दिसला. आता वाचल्यावर ती आमटीची दुपार लख्ख आठवली.

पुढं ती म्हणते, ‘त्या दिशी लय संताप आला. कुटं जाऊ? माहेर लांब, आणि जाऊन सांगू काय, अक्षर चोरलं म्हणून? मग आत जाऊन चटई टाकली नि बसलो सामायिकाला. सामायिक म्हटलं की घरात कोण हाक मारत न्हाय बग. चष्मा कुटं हाय न्हाय, पेन कुटं हाय न्हाय. अठ्ठेचाळीस मिंटं कोण मला कायबी मागत न्हाय. रागानं बसलो मी, धरमानं न्हाय.’

तू विचारलंस, मग राग गेला का?

‘गेला की. पर वरसं गेली त्येच्यात. पयली धा-बारा वरसं तर मी नुसती ह्येंच्याशी भांडायचो मनातल्या मनात, डोळं मिटून. मग कवा थांबलं कळलंच न्हाय. आता बसलो की समदं सारकंच वाटतंय. हे बी, तू बी, ती खारूताई बी. आता ह्येला तू काय लिवणार? पराथना म्हन, न्हायतर काय बी म्हन.’

माझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी लिहिलंय, ‘माझ्या सहधर्मचारिणीच्या समतेतून मला सूत्रांचा अर्थ उमगला.’ सात आवृत्त्या निघाल्या. व्याख्यानांत मी तिचा दाखला द्यायचो, बायका माना डोलवायच्या, ती मागच्या रांगेत बसून ऐकायची. ती समता तिनं कुणाला सहन करता करता मिळवली, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

तेव्हा तुमच्या शास्त्रानं तिला शून्य दिलं, आणि माझ्या शास्त्रानं पाचपैकी पाच. दोघांनीही विचारलं नव्हतं. विचारलंस ते तू, तुझं शास्त्र बाजूला ठेवून. हे मी तुझी खुशामत म्हणून लिहीत नाही, अजूनही तुझा तो तक्ता मला दिसला तर मी चुलीत घालीन.

उरलेली सात पानं मी काल वाचली. शालूबाईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्यात सम्मेदच्या लहानपणाचं आहे, तुझ्याबद्दल आहे (‘त्या पोरीला ह्येंनी गोड बोलून ठिवून घेतलं असतं तर गेली नसती ती’), हरभऱ्याच्या भाजीचं आहे. माझ्या घोरण्याचंही आहे, ते छापायचं की नाही ते तू ठरव.

परवानगीचं सांगतो. तू माझी लेखी संमती मागितली आहेस. मी कागद घेऊन बसलो, ‘अक्काताई कोगनोळे यांच्या वतीने’ एवढं लिहिलं, आणि पुढं हात चालेना. तिच्या वतीनं मी एकदा लिहून बसलोय. पुन्हा तेच करायचं माझ्या जिवावर येतं, मग कारण कितीही चांगलं असो. म्हणून संमती देत नाही. त्याऐवजी सोबत एक वेगळा कागद जोडला आहे. जानेवारी २०२३ ची तक्रार मी लिहिली, माझ्या बायकोचा तिला विरोध होता, मी तिला सही करायला लावली, असं त्यात माझ्या सहीनिशी आहे. त्याची एक प्रत आज विजयसिंहांकडं पाठवली. तुझी गेलेली तीन वर्षं त्यानं परत येणार नाहीत, हे मला कळतं. लोक मला काय म्हणतील तेही कळतं. म्हणू देत.

ती तक्रारच तिची नव्हती, तेव्हा तिचे शब्द तिनं कधी परतच घेतले नाहीत. त्यामुळे शेवटचा शब्द तिचा तोच, जो अकराव्या पानावर आहे. क-११४ मात्र खोडून टाक. तिचं नाव घाल, पूर्ण. आणि मुलाखत देणारी बाई होती, हेही.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते तू कधी म्हणालीस तर तुझ्या सवडीनं म्हण, नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही. मला एकच पाहिजे, ती तिसरी ओळ तुझ्या मनातून जाऊ दे. अक्काला तू हवी होतीस. शेवटपर्यंत.

अकराव्या पानावर तू तिला विचारलंयस, ‘अक्का, हे छापून आलं तर चालेल का तुम्हाला?’ तुला तिचं उत्तर आठवत असेल, तरी लिहितो. पाच महिने मी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो.

‘छाप की! ह्येस्नी तोंडी सांगितल्यालं ऐकाय येत न्हाय. छापल्यालं मातुर कायबी सोडत न्हाईत, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुदीक वाचत्यात. तू छाप, म्हंजे वाचतील.’

वाचलं गं.

जयपाल